तीन लाथांत न तुटलेली फळी

मी एक जुनी फळी आहे. खरे सांगायचे तर आता मी दोन फळ्या आहे. पण ते कसे झाले हीच माझी गोष्ट आहे, तेव्हा मित्रांनो, घाई करू नका.

माझा जन्म लाकडाच्या वखारीत झाला. एका लांबलचक फळीचे सुताराने चाळीस चौकोनी तुकडे केले. प्रत्येक तुकडा दीड वीत लांब, दीड वीत रुंद आणि बोटभर जाड. आम्ही चाळीस बहिणी इतक्या सारख्या होतो की खुद्द सुताराचाही गोंधळ उडत असे. आम्हाला न्यायला आलेल्या गृहस्थांना त्याने विचारले, "कशाला हव्यात हो एवढ्या?"

"फोडायला," गृहस्थ म्हणाले.

सुताराने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. "मग तासभर मला घासायला का लावलंत?"

"मुलांच्या पायात कुसळ जाऊ नये म्हणून."

ते गृहस्थ म्हणजे सर. एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा तायक्वांदोचा वर्ग भरत असे. तायक्वांदो म्हणजे कोरियातून आलेली, हातापायांनी लढण्याची विद्या. त्यात लाथ हा मुख्य विषय आणि बाकी सगळे तोंडी लावायला. वर्गात जमिनीवर निळ्या गाद्या होत्या, एका बाजूला मोठा आरसा होता आणि समोरच्या भिंतीवर सरांनी स्वतःच्या हाताने पाच शब्द रंगवले होते: शिष्टाचार, प्रामाणिकपणा, चिकाटी, संयम, जिद्द. वर्ग सुरू होताना आणि सुटताना सगळे विद्यार्थी ताठ उभे राहून हे पाच शब्द मोठ्याने म्हणत. रोज दोनदा म्हटल्यामुळे ते सर्वांना इतके पाठ झाले होते की त्यांचा अर्थ कोणी विचारत नसे.

मित्रांनो, कपाला वाटते आपण फुटू नये. आरशाला वाटते आपल्याला तडा जाऊ नये. आमच्यात उलटे आहे. वर्षातून तीनदा पट्ट्याची परीक्षा होते. ज्याने फळी तोडली त्याला पुढच्या रंगाचा पट्टा मिळतो, आणि जी फळी तुटली तिच्या जन्माचे सोने होते. टाळ्या पडतात, फोटो निघतो, मुलांच्या घरी कपाटात काचेमागे जागा मिळते. न तुटलेल्या फळीकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही.

त्या वर्षीच्या परीक्षेला फोटोग्राफर येणार होता. सरांनी पत्र्याचा साचा करून आणला आणि लाल रंगाने प्रत्येक फळीवर दोन ओळी उमटवल्या. वरच्या ओळीत वर्गाचे नाव, खालच्या ओळीत सरांचे. सरांचे नाव जरा मोठ्या अक्षरात होते. तेवढीच जागा उरली होती, असे ते म्हणत.

माझा नंबर सर्वांत शेवटी आला, आणि नेमका त्याच वेळी सरांचा फोन वाजला. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून सरांनी मला उचलले, बोलता बोलता नकळत बाजूला वळवले आणि रंग मारला. माझे नशीब तिथेच फिरले.

आता लाकडाची एक खोड तुम्हाला सांगायला हवी. आमच्या अंगावर बारीक रेषा असतात. फळी दोन बाजूंनी धरली आणि रेषा उभ्या असल्या की आम्ही बिस्किटासारख्या तुटतो. रेषा एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत आडव्या असल्या की आम्हाला तोडायला हत्ती लागतो. माझ्या एकोणचाळीस बहिणींवर नाव सरळ धरले की रेषा उभ्या येत. माझ्यावर नाव सरळ धरले की रेषा आडव्या.

परीक्षेला मी शिवणबाईंच्या वाट्याला आले.

शिवणबाई बावन्न वर्षांच्या. खालच्या रस्त्यावर त्यांचे शिवणकामाचे दुकान. वर्गाचे पांढरे गणवेश त्याच शिवत. एकदा सर तक्रार घेऊन गेले की लाथ मारताना विजारी आसनात उसवतात. शिवणबाई म्हणाल्या, "लाथ कशी मारतात ते बघितल्याशिवाय शिलाई कशी घालू? उद्या येते." दुसऱ्या दिवशी त्या बघायला आल्या. तिसऱ्या दिवशी करून बघायला आल्या. चौथ्या दिवसापासून त्या येतच राहिल्या. विजारींच्या आसनात जादा कापड आले, आणि वर्गात एक जादा विद्यार्थिनी.

घरी त्यांच्या सासूबाईंनी विचारले, "आता या वयात कोणाला लाथा घालणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही," शिवणबाई म्हणाल्या. तेव्हापासून सासूबाई जरा जपून बोलू लागल्या.

या वर्गात वयाला किंमत नाही, पट्ट्याला आहे. शिवणबाईंचा पट्टा पिवळा, म्हणून त्या मुलांच्या रांगेत उभ्या राहत. त्यांच्या शेजारी नऊ वर्षांची टिकली. दोघी त्या दिवशी हिरव्या पट्ट्यासाठी परीक्षा देत होत्या. टिकलीने एका लाथेत माझ्या बहिणीचे दोन तुकडे केले आणि इतक्या जोरात ओरडली की फोटोग्राफरचा हात हलला.

मग शिवणबाई आल्या. सरांनी मला हातांत धरले. रेषा बघणार, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "सर, नाव सरळ येऊ द्या!" सरांनी नाव सरळ केले.

पहिली लाथ बसली. मी हलले, तुटले नाही. दुसरी बसली. खोटे कशाला बोलू, तशी लाथ मी आयुष्यात खाल्ली नव्हती. माझा जीव तुटायला कासावीस झाला होता, पण रेषाच आडव्या! तिसऱ्या लाथेला शिवणबाईंची टाच सुजली. परीक्षेत तीनच संधी मिळतात. शिवणबाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि लंगडत जागेवर गेल्या.

सर सर्वांना म्हणाले, "बघा मुलांनो, फळी पायाने तुटत नाही, मनाने तुटते. ताईंच्या मनात शंका होती. शंका असली की लाथ अर्ध्यावरच थांबते."

शिवणबाईंनी मान डोलावली. त्यांना ते खरे वाटले, हेच मला सर्वांत लागले.

सगळे गेल्यावर सर मला घेऊन ऑफिसात बसले. गंमत म्हणून त्यांनी मला एका हाताने टेबलाच्या कडेला टेकवले आणि दुसऱ्या हाताच्या कोपराने फटका मारला. मी तुटले नाही. त्यांनी कोपर चोळले. पुन्हा मारला. पुन्हा कोपर चोळले. मग चष्मा लावला, मला उजेडात धरले आणि बराच वेळ माझ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

त्यांना कळले होते. ऑफिसच्या उघड्या दारातून भिंतीवरचा दुसरा शब्द, प्रामाणिकपणा, समोरच दिसत होता. सरांनी उठून दार लावले.

त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. मला त्या पायाखाली सरकवण्यात आले. न तुटलेल्या फळीचा एवढाच काय तो उपयोग. तिथे धूळ होती, एक हरवलेली शिट्टी होती आणि चहाचे डाग होते. पण टेबल डगमगायचे थांबले, आणि त्याबद्दल माझे कोणी कौतुक केले नाही.

सरांना वाटले असेल, विषय संपला. पण त्यांनी वर्गाला जे वाक्य दिले होते ते मुलांनी उचलले होते. कोणी दोरीच्या उड्या मारताना अडखळला की पोरे ओरडत, "शंका नको!" पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडेना, "शंका नको!" टिकली तर आता हिरव्या पट्ट्याची, म्हणजे शिवणबाईंची वरिष्ठ. ती कमरेवर हात ठेवून रोज त्यांचा सराव घ्यायची.

"मावशी, गुडघा वर! अजून वर! शंका नको!"

"नाही गं बाई, काढतेय मनातून," शिवणबाई धापा टाकत म्हणायच्या.

टाच बरी झाल्यापासून त्या रोज शंभर लाथा मारत होत्या. नसलेला दोष घालवायला त्या वर्ग भरण्याआधी अर्धा तास येत. दुकानात बटणे लावतानाही कोरियन आकडे मोजत: हाना, दुल, सेत. टाके मोजताना गिऱ्हाईक मध्येच बोलले तर गिऱ्हाइकालाच पुन्हा एकपासून ऐकावे लागे. आणि ऑफिसात बसलेल्या सरांना पलीकडून प्रत्येक लाथेगणिक ऐकू येई, "शंका नको!" दर वेळी टेबलाखाली त्यांचा पाय माझ्यावरून मागे सरके.

पुढच्या परीक्षेला अडीच महिने उरले असताना शिवणबाई ऑफिसात कोणाच्या तरी गणवेशाची बाही जोडत होत्या. सुई खाली पडली. सर बाहेर वर्ग घेत होते. सुई शोधायला बाई वाकल्या आणि त्यांना मी दिसले. त्यांनी टेबल उचलून मला बाहेर काढले, पदराने धूळ पुसली आणि अंगठा फिरवला. कापडाचा उभा धागा कोणता, आडवा कोणता, हे बघण्यात ज्या बाईचे आयुष्य गेले, तिला माझ्या रेषा कळायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी नाव सरळ धरून बघितले. मग नाव आडवे धरून बघितले. मग दारातून भिंतीवरचे शब्द बघितले.

आता त्या बाहेर जाऊन सरांना जाब विचारतील, असे मला वाटले. त्यांनी मला पुन्हा टेबलाच्या पायाखाली ठेवले, सुई उचलली आणि बाही पुरी केली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येऊन पुन्हा शंभर लाथा.

परीक्षेचा दिवस आला. आईवडील भिंतीला पाठ लावून बसले होते. नव्या फळ्यांची थप्पी तयार होती, आणि तोच फोटोग्राफर आला होता. शिवणबाईंचे नाव पुकारले गेले. सरांनी थप्पीवरची फळी उचलली, परत ठेवली आणि तडक ऑफिसात आले. टेबल उचलले. मी बाहेर. टेबलावरचा चहा सांडला, त्यांनी तिकडे बघितलेही नाही.

"ही फळी ओळखता का?" त्यांनी सर्वांना विचारले. "गेल्या परीक्षेत ही मी चुकीची धरली होती. फोटोत माझं नाव सरळ यावं म्हणून. ताईंच्या लाथेत काहीच कमी नव्हतं. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

सर शिवणबाईंसमोर गेले आणि कमरेत पूर्ण वाकले. काळ्या पट्ट्याने पिवळ्याला आधी नमस्कार करायचा, असे त्या वर्गात कधी घडले नव्हते.

टिकलीने हात वर केला. "सर, म्हणजे मावशींच्या मनात शंका नव्हतीच?"

"नव्हती."

"मग मी चार महिने उगाच ओरडले?"

"उगाच कसं?" शिवणबाई म्हणाल्या. "गुडघा वर आला ना माझा!"

सर म्हणाले, "ताई, तुमचा पट्टा तुम्हाला तेव्हाच मिळायला हवा होता. आज परीक्षा नको."

"तसा नको, सर. धरा फळी." शिवणबाई म्हणाल्या. "आणि मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"सुई पडली तेव्हापासून. अडीच महिने झाले."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी भिंतीकडे हनुवटी केली. "तिथे पाच शब्द आहेत. दुसरा तुमच्या वाट्याचा होता, तो मी कसा म्हणू? मी आपली तिसरा, चिकाटीचा, धरून बसले."

सरांनी मला उचलले. माझ्या रेषा उभ्या केल्या. दोन्ही नावे आडवी झाली. फोटोग्राफर काही बोलणार होता, पण टिकलीने त्याच्याकडे असे बघितले की त्याने तोंड मिटले. शिवणबाई पुढे आल्या, माझ्यावरून एकदा अंगठा फिरवला, मागे गेल्या, आणि ओरडल्या. त्यांच्या घशात तो आवाज इतकी वर्षे कुठे होता कोण जाणे.

मित्रांनो, दुखले का म्हणून विचारू नका. मी एका लाथेत तुटले, आणि इतकी सहज तुटले की आधीच्या हट्टाची मलाच लाज वाटली. रेषेवरून सरळ दोन तुकडे झाले. एका तुकड्यावर वर्गाचे नाव, दुसऱ्यावर सरांचे.

वर्गाचे नाव असलेला तुकडा भिंतीवर लागला. शेजारी तो फोटोही आहे. त्यात नाव आडवे आल्यामुळे वाचायला प्रत्येकाला मान वाकडी करावी लागते. दुसरा तुकडा शिवणबाईंच्या दुकानात आहे. इस्त्री फिरवल्यावर शिलाई बसवायला त्या तोच दाबून धरतात. उष्णतेने सरांच्या नावाची अक्षरे एकेक करून उडत चालली आहेत. परवा सर उसवलेला गणवेश घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारले, "अजून किती उरलंय नाव?"

"दोन अक्षरं."

"शिलाई नीट बसते ना?"

"फार छान."

"मग राहू द्या," सर म्हणाले.

सरांच्या टेबलाचा पाय अजून आखूडच आहे. चहा रोज सांडतो. त्याखाली दुसरे काही सरकवायला सर तयार नाहीत.

मित्रांनो, म्हाताऱ्या फळीचे एवढे ऐका. लाकूड कोरड्या जागी ठेवा, ओल त्याला सोसत नाही. आणि तुमच्यासमोर कोणी तीनदा प्रयत्न करून हरले, तर त्याच्या मनाबद्दल बोलण्याआधी एकदा आपल्या हातात काय आणि कसे धरले आहे ते बघा. एवढे केलेत तर कितीतरी माणसांच्या टाचा वाचतील.

आता वर्गात एक नवी रीत पडली आहे. परीक्षेला सर फळी धरतात आणि आधी विद्यार्थ्यासमोर करतात. विद्यार्थी अंगठ्याने रेषा बघतो. एखादा नवा मुलगा लाजून म्हणतो, "नको सर, तुम्ही धरलीय म्हणजे बरोबरच असेल."

तेव्हा मागच्या रांगेतून दोन निळे पट्टे एकदम ओरडतात. एक दहा वर्षांचा, एक त्रेपन्न वर्षांचा.

"शंका घे! बघ आधी!"

आणि सर फळी पुढे करून, तो बघेपर्यंत थांबतात.