कोरडा पुठ्ठा

तेलाचा थेंब बरोब्बर कोंडिरामच्या भुवईवर पडला. गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाने तोंड पुसायला हात नेऊ नये, कारण हातच तेलाने माखलेला असतो, हे पस्तीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत त्याला शंभरदा कळून चुकलं होतं. तरी त्याने भुवई पुसली आणि होतं नव्हतं ते तेल डोळ्यात घातलं.

"लागलं का?" बाहेरून तुळसाबाईचा आवाज आला.

"नाही. सतरा नंबरचा पाना दे."

गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या तुळसाबाईने एकेक पाना डोळ्यांशी नेऊन आकडा वाचला आणि बरोबर तोच खाली सरकवला. ऑक्टोबरचं ऊन शांती नगरच्या त्या सोसायटीत नुसती आग ओतत होतं, आणि तिच्या अंगात स्वेटर होता. चार वर्षांपूर्वी डायलिसिस सुरू झाल्यापासून तिला कायम थंडी वाजायची. त्यामुळे वाघमाऱ्यांच्या घरात चार वर्षं पंखा लागला नव्हता. कोंडिराम रात्रंदिवस घामाने भिजायचा आणि कुणी विचारलं तर सांगायचा, मला पंख्याचं वारं बाधतं.

कोंडिराम वाघमारे आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकत आला. निवृत्त झाला तेव्हा शेवटच्या शेठने आपली जुनी पांढरी गाडी त्याला देऊन टाकली. हत्ती दिला, चारा तुमचा तुम्ही बघा, अशातली गत. पण तुळसाबाईच्या किडन्या गेल्यावर हाच हत्ती कामाला आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला सेंटरवर. डायलिसिसनंतर तिचं बीपी पडायचं. रिक्षात तिला बसवत नसे, म्हणून तो गाडीतली डावी सीट मागे पाडून तिला निजवून आणायचा. घरापर्यंत तोंडातून एक शब्द निघत नसे तिच्या.

परवाच्या शुक्रवारी परत येताना बेव्हर्ली पार्कच्या वळणावर पॉवर स्टेअरिंगचा पाईप फुटला. या स्टेअरिंगचं असं असतं, पाईपात तेलाचा दाब आहे तोवर चाक पोरीबाळींच्याही हातात खेळतं, आणि दाब गेला की तेच दगड होऊन बसतं. कोंडिरामने उमेदीत ट्रकसुद्धा दंडाच्या जोरावर वळवले होते. पण दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला तो धरलाच. त्या वळणावर त्याने सगळा जीव एकवटून चाक ओढलं, ते अर्ध्यात अडलं आणि गाडी दुभाजकावर चढली. वेग नव्हता म्हणून निभावलं. धक्क्याने तुळसाबाईचा डावा हात दारावर आपटला आणि नुकत्याच काढलेल्या सुईच्या जागेवरची पट्टी लाल होत गेली. तिने पदर घट्ट गुंडाळला आणि म्हणाली, "काई नाही. चला."

मेकॅनिकने गुरुवारचा वायदा केला. सोमवार तर तोंडावर आलेला. मग शनिवारी कोंडिराम जुन्या गाड्या फोडणाऱ्यांकडे दिवसभर फिरला आणि त्याच मॉडेलचा एक अखंड पाईप घेऊन आला.

खरं म्हणजे फुटलेला पाईप तीन महिने गळत होता. पार्किंगमधला लालसर डाग पहिल्यांदा तुळसाबाईलाच दिसला होता. कोंडिरामने पाईपाला रबर गुंडाळलं, वरून क्लिप आवळली आणि रोज स्टेअरिंगच्या डबीत वरून तेल ओतत राहिला. दाबाच्या पाईपाला पट्ट्या बांधून भागत नाही हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण उद्या बघू, परवा बघू. पाच वर्षांपूर्वी तिचे पाय सुजायला लागले तेव्हाही "दिवसभर उभी असतेस, सुजणारच" असं म्हणून मोकळा झालेला माणूस तो. ते वाक्य त्याच्या जिवाला लागलेलं होतं आणि तो ते कुणापाशी बोलत नसे.

"कोंडिरामभाई," सोसायटीचे सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन थांबले होते. "ये फर्श के ब्लॉक का दाग नहीं जायेगा हां. गॅरेज में दे दो ना."

"धो देगा शेठ, साबण से धो देगा," गाडीखालून कोंडिराम म्हणाला.

जुना पाईप निघाला. नव्याच्या दोन्ही तोंडांशी त्याने तांब्याचे नवे वायसर घातले, बोल्ट हाताने बसवले, मग पान्याने आवळले. शेवटचा अर्धा आटा काही खांदा देईना. त्याने पान्याला पाय लावला आणि दात-ओठ खाऊन तो अर्धा आटाही घेतला. बाहेर आला तेव्हा तो पाच मिनिटं नुसता बसून राहिला.

पुढचं काम एकट्याचं नव्हतं. पाईपात शिरलेली हवा काढायची तर पुढची चाकं उचललेली ठेवून, इंजिन बंद ठेवून, एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, आणि दुसऱ्याने बॉनेटपाशी उभं राहून तेलाच्या डबीत बुडबुडे बघायचे. तेल उतरलं की ओतायचं. गाडी दोन लोखंडी घोड्यांवर उभी होतीच, आणि चाकं अधांतरी म्हणून स्टेअरिंगही जड जाणार नव्हतं.

"मैं बैठता हूँ अंदर," सेक्रेटरी म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता.

"म्या बसते," तुळसाबाई म्हणाली.

"तुझ्याच्याने होणार नाही."

"होईल तेवढं करते. बसू द्या मला."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. ड्रायव्हरची बायको, पण ड्रायव्हरच्या जागेवर ती कधी बसली नव्हती. पाय पोचेनात म्हणून त्याने सीट पुढे ओढून दिली.

"डावा हात लावू नको. उजव्यानेच फिरव."

"म्हाईतंय."

तो पुढे गेला. उघडलेलं बॉनेट दोघांच्या मधे आलं. त्याला ती दिसत नव्हती, तिला तो. त्याला दिसत होतं ते फक्त हळूहळू वळणारं पुढचं चाक.

"डावीकडे. अजून. पूर्ण. आता उजवीकडे."

डबीत फेस आला. त्याने तेल ओतलं. आठ-दहा फेऱ्या झाल्या.

"अवं," बॉनेटपलीकडून आवाज आला. "उद्याच्याला मला नेऊ नगा."

"उजवीकडे घे."

चाक उजवीकडे वळलं. "ऐकलं का?"

"बुडबुडे येतायत अजून. डावीकडे."

"उद्या बी नगं आन बुधवारी बी नगं. बास झालं आता."

ताकाला जाऊन भांडं लपवायचा तुळसाबाईचा स्वभावच नव्हता. एवढंच की तोंडावर बोलायला तिला जमलं नसतं. मधे हा पत्रा आला म्हणून जमलं.

"डॉक्टर काय म्हणतील?" कोंडिरामने डबीवरची नजर काढली नाही.

"त्यान्ला इचारलं म्या. शुक्रवारी तुमी गाडी लावाया गेलता तवा. हार्ट बी कमजोर झालंय म्हन्ले, दुसरी किडनी बसवता येनार नाही. बंद केलं तर किती दिस म्हनलं. धा-पंधरा दिस म्हन्ले. लई तरास होऊ नये म्हनून गोळ्या देतेत."

"राजश्रीला सांगितलंस?"

"लेकीला मागून सांगू. तुमाला आधी."

"मग हे कशासाठी करतोय मी?" त्याचा आवाज चढला. "कालपासून मरमर मरतोय ते कशासाठी?"

चाक वळत राहिलं, डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. त्याने सांगितलेलं नव्हतं.

"तीन म्हैने तुमी याच्यात वरून तेल ओतीत होता," ती म्हणाली, "आन ते खालून जात होतं. माजं तरी दुसरं काय चाललंय? सोमवारी साफ करायचं, बुधवारपरेंत पाय पुन्ना हे एवढाले."

"पाईप बदलला की आपण."

"गाडीला मिळाला," तुळसाबाई म्हणाली. त्यात रुसवा नव्हता, त्रागाही नव्हता. बाजारात भाजी संपली म्हणून सांगावं तसं ती म्हणाली.

कोंडिराम बॉनेटखाली वाकला आणि रडला. दोन्ही हात बंपरवर टेकून, आवाज न करता, पण चांगला पोटातून रडला. मग त्याने खिशातल्या फडक्याने तोंड पुसलं, आणि त्या फडक्यालाही तेल होतंच.

"क्या हुआ, आँख में गया क्या?" दूध घरी ठेवून परत आलेल्या सेक्रेटरींनी विचारलं.

"हां."

डबीतला फेस हळूहळू बसला. तेल एका रेषेवर थांबलं. आणखी पाच फेऱ्या झाल्या तरी एक बुडबुडा वर आला नाही.

"चावी फिरव," त्याने सांगितलं.

"म्या?"

"तूच बसलीयस ना तिथे."

गाडी सुरू झाली. तो बॉनेटला वळसा घालून दाराशी आला. तुळसाबाईच्या कपाळावर घाम होता. किती दिवसांनी तिला घाम आलेला त्याने पाहिला. तिने स्टेअरिंगवर उजव्या हाताचं एकच बोट ठेवलं आणि ते डावीकडे नेलं, मग उजवीकडे.

"बोटानं फिरतंय की ओ."

"फिरणारच."

त्याने गाडी घोड्यांवरून उतरवली, साबणाचं पाणी करून डाग घासले, आणि मिक्सरच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा इंजिनच्या बरोबर खाली सरकवून ठेवला.

"ह्यो कशाला?"

"सकाळी कळेल. थेंब पडलेला दिसला तर केलेलं काम फुकट."

तुळसाबाई एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नसे. आणि कोंडिरामला वाटत होतं, गाडी ठणठणीत झाली की तिचं मन पालटेल. शुक्रवारच्या धक्क्याने घाबरली असेल. त्या धक्क्यावर सगळा दोष टाकून तो झोपला.

सोमवारी साडेसहाला तो खाली गेला. गाडीपुढे गुडघे टेकून त्याने पुठ्ठा बाहेर ओढला. उजेडात धरला, उलटा केला, तळव्याने चाचपला. लख्ख कोरडा होता. परीक्षेत पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराने निकाल न्यावा तसा तो पुठ्ठा घेऊन लिफ्टची वाटही न बघता दोन जिने चढून गेला.

तुळसाबाई पलंगावर बसली होती. केस विंचरलेले होते, पण अंगात घरातला गाऊनच. सेंटरवर न्यायची पिशवी रिकामी होऊन खुंटीला लटकत होती. त्यातला बिस्किटांचा डबा फळीवर गेला होता. सेंटरच्या एसीत पांघरायची तपकिरी शाल तिने पहाटेच उठून धुतली होती आणि ती खिडकीतल्या दोरीवर निथळत होती.

कोंडिराम दारातच उभा राहिला. शालीकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"दावा," ती म्हणाली.

त्याने पुठ्ठा तिच्या मांडीवर दिला. तिने डाव्या हाताने, त्या सुयांनी गाठाळलेल्या हाताने, तो कडेपासून कडेपर्यंत चाचपला.

"एक थेंब नाही?"

"नाही."

"चांगलं काम केलं तुमी."

सव्वाआठला फोन वाजला. सेंटरमधला टेक्निशियन होता, स्वप्नील. चांगला मुलगा, तुळसाबाईला कधी दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली नव्हती त्याला.

"काका, कुठे पोचलात? मशीन लावून ठेवलंय."

"आज येत नाही आम्ही."

"गाडी बंद पडली काय? मी अ‍ॅम्ब्युलन्स बघू?"

"नाही. गाडी चांगली आहे," कोंडिराम म्हणाला.

त्या धंद्यात चार वर्षं काढलेल्या स्वप्नीलला काही गोष्टी फोडून सांगाव्या लागत नाहीत.

"मावशींनी ठरवलं का?"

"हो."

"सरांना कळवतो मी. ते बोलतील तुमच्याशी, गोळ्यांचं वगैरे. काका... राग मानू नका, मला विचारावं लागतं. सोमवार-बुधवार-शुक्रवारचा हा आठचा बेड. वेटिंगला एक जण आहे तीन आठवडे. देऊ का त्यांना?"

कोंडिरामने तुळसाबाईकडे पाहिलं. फोन स्पीकरवर नव्हता, तरी तिने होकाराची मान हलवली.

"द्या," तो म्हणाला.

फोन ठेवून तो पलंगाच्या कडेला तिच्याशेजारी बसला. मानेवरून घाम ओघळून बनियनमध्ये शिरत होता, त्याने तो पुसला नाही. तुळसाबाईने मांडीवरचा पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि हळूहळू त्याला वारा घालू लागली.