एकाच ताग्यातले दोन

संचिताला चंदनचा हेवा वाटतो हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या चंदनला.

चंदन तिचा चुलतभाऊ, वयानं जवळपास तिच्याच बरोबरीचा. दोघांच्या आजोबांचं मोठं घर कट्टा गावाच्या पुढे, काजूच्या बागेला लागून. थोरले भाऊ बाळा, म्हणजे संचिताचे बाबा, त्या घरात राहून भात आणि काजू बघायचे. धाकटे सुदेशकाका लग्नानंतर तारकर्लीला गेले, तिथल्या माडांच्या वाडीत त्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या, दोनाच्या आठ झाल्या आणि आठांवर एक मजला चढला. चंदनला गिअरची सायकल मिळाली, मग भारी मोबाइल, मग बाइक. संचिताला या सगळ्या गोष्टी बघायला मिळाल्या. नवीन काहीही आलं की चंदन आधी ते तिच्याकडे घेऊन यायचा आणि "बघ गो, कसा आसा" म्हणून तिच्या हातात ठेवायचा. तिला सगळ्यात झोंबायचं ते हेच. नुसता मिरवला असता तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

वर्षातून एकदा, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ही दरी बुजवायची रीत त्या घरात होती. पूर्वी कधी दोन जावांची लुगड्यावरून गणपतीसमोरच जुंपली होती म्हणे. तेव्हापासून आजोबांनी नियम घातला होता, की चवथीला या घरात जे नवीन येईल ते सगळ्यांना सारखं, एकाच ताग्यातलं. त्यामुळे जुन्या फोटोंत चंदनचा शर्ट आणि संचिताचा फ्रॉक एकाच चौकड्याचे दिसतात. संचिताला ते फोटो बघवत नसत, कारण तेच कापड चंदनला शोभून दिसायचं आणि तिच्या अंगावर खिडकीचा पडदा वाटायचं. पुढे आजोबा गेले, पोरं मोठी झाली, शिंप्याकडे माप द्यायला जाणं थांबलं. तो नियमही फ्रॉकाबरोबर ट्रंकेत गेला, असं संचितानं धरून टाकलं.

बारावीनंतर दोघांनीही कुडाळच्या कॉलेजात कॉम्प्युटरलाच नाव घातलं. संचितानं घातलं कारण तिला गेम बनवायचे होते. खेळायचे नव्हते, बनवायचे होते. समुद्रातला किल्ला, त्याच्या पायऱ्यांवर आपटणारी लाट, लाट ओसरल्यावर दगडावरून निथळणारं पाणी, हे सगळं पडद्यावर उभं करायचं तिच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं. चंदननं नाव घातलं कारण संचितानं घातलं होतं.

आता असलं काम साध्या लॅपटॉपवर होत नाही. त्याला गेमिंगचा दणकट लॅपटॉप लागतो, ज्याचं ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास राबलं तरी दमत नाही. कोपरा फुटलेल्या मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून संचिताला या विषयातलं इतकं कळायला लागलं होतं, की कुठल्या लॅपटॉपचा पंखा कुठल्या बाजूनं गरम हवा फेकतो हेही ती न बघता सांगायची. तिनं बाबांकडे विषय काढला तेव्हा ते "बघूया" म्हणाले. त्या घरात बघूया म्हणजे नाही. आई जास्त स्पष्ट होती. कॉलेजात कॉम्प्युटर असतात ना, मग तिथेच बसून कर, म्हणाली.

संचिता तिथेच बसून करू लागली. पाच वाजता लॅब बंद व्हायची, तोवर लाट अर्धी उठलेली असायची. मग एसटीच्या थांब्यावर उभी असताना चंदन बाइक थांबवून "चल, सोडतंय" म्हणायचा आणि ती काहीतरी कारण काढून नाही म्हणायची.

अशात एक दिवस कॅन्टीनमध्ये चंदन तिच्यासमोर बसला आणि त्यानं मोबाइल पुढे केला. बाबा गेमिंगचा लॅपटॉप घेऊन देतायत, म्हणाला. दोन बघून ठेवलेत, किंमत सारखीच, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तूच सांग.

संचितानं बघितलं आणि तिच्या पोटात आग पडली. त्यातला एक तिचाच होता. म्हणजे तिनं मनानं केव्हाच घेऊन टाकलेला, रोज झोपताना उघडून बघितलेला. काळा, जाडजूड, दिसायला एखाद्या पाटासारखा, पण आतलं कार्ड पुऱ्या ताकदीनं चालणारं, गार राहणारा, आणि पुढे मेमरी वाढवायला जागा असलेला. दुसरा पातळ, चंदेरी, कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे. कार्डाचं नाव तेच, पण पातळ अंगात उष्णता मावत नाही म्हणून त्याला वीज बेताचीच मिळायची, त्यामुळे दम निम्मा. मेमरी आतच चिकटवलेली, वाढवायची सोय नाही. अर्धा तास गेम चालवला की पंखा असा ओरडायचा की शेजारच्या घरात ऐकू जावं.

हा मेला त्यावर गाड्या पळवणार आणि माणसं मारणार, तिच्या मनात आलं, आणि माझी लाट लॅबमध्ये पाच वाजता विझणार. देव दात देतो त्याला चणे देत नाही असं म्हणतात. तिला वाटलं, इथे तर देवानं चंदनला आयते चणे दिलेत, आणि वर ते कुठले घ्यायचे हे आपल्याला विचारायला पाठवलंय.

चंदनच पुढे म्हणाला, "ह्या बघ, तुका सोताक घेवचो आसतो तर खंयचो घेतलं असतंस, ता सांग."

"पातळ आसा तो," संचिता म्हणाली. "डोळे मिटान घे."

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं त्याला दिव्यांचं कौतुक सांगितलं, वजन कमी म्हणून बाइकवर न्यायला बरा, म्हणाली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं होतं ते पहिलंच. चंदन खूश झाला, तिच्यासाठी एक वडा जास्त सांगितला आणि उठताना म्हणाला की चवथीला घरी आणणार, तेव्हाच बघ. संचिताच्या डोक्यात तिडीक गेली. कॉलेज सुरू होऊन महिना उलटला, लॅपटॉप आज पाहिजे, आणि हा चवथीपर्यंत थांबणार. का, तर मोठ्या घरात, सगळ्या पै-पाहुण्यांसमोर, आपल्या नाकावर टिच्चून पेटी फोडायला. वडा तिनं अर्धा खाल्ला आणि बशी बाजूला सारली.

देवाचीही गंमत बघा, मागे फिरायची संधी त्यानं तिला पुन्हा एकदा दिली.

चवथीच्या आठवडाभर आधी सुदेशकाका माटवीची फळं आणि सामान ठरवायला मोठ्या घरी आले. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला रानातली फळं-फुलं बांधायची. बाबांशी बोलणं झाल्यावर काका पडवीत संचिताजवळ येऊन बसले. उद्या कोल्हापूरला जातोय, म्हणाले. दुकानदार फोनवर सांगतोय की पातळ नको, जाडा घ्या, पोरांच्या कामाला तोच बरा. आता तो खरा की तू खरी?

संचिताच्या हातात तेव्हा माटवीची दोरी होती. जाडा घ्या, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. तिनं चंदनला त्या काळ्या लॅपटॉपपुढे बसलेला डोळ्यांसमोर आणला आणि तिला ते सोसलं नाही.

"काकानु, दुकानदार तेका खपवूचो आसात तोच सांगतलो," ती म्हणाली. "पातळच घेवा."

"पक्को ना? मागीर बदलून मिळाचो नाय."

"पक्को."

काका तिच्याकडे बघून स्वतःशीच हसले आणि बाबांकडे वळून त्यांनी डोळे मिचकावले. बाबाही हसले. बघा, आपल्या दारिद्र्यावर दोघे भाऊ हसतायत, असं संचिताला वाटलं. हेवा माणसाला आंधळं करत नाही. त्याला दिसतं सगळं, पण उलटं. ती माटवीच्या चौकटीला दोरी बांधायला लागली आणि गाठ इतकी करकचून बसली की शेवटी ती कापावी लागली.

चवथीच्या सकाळी गणपती बसला. पूजा झाली, आरत्या झाल्या. दुपारच्या नैवेद्याआधी त्या घरात गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे. घरचा थोरला देवासमोर उभा राहून घरातल्या सगळ्यांसाठी मागणं मागतो आणि मागे उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला साथ देतात. बाबा सोवळं सावरत उभे राहिले, तेवढ्यात काका गाडीकडे गेले आणि चंदनला हाक मारून दोघं मिळून दोन पेट्या घेऊन आत आले.

दोन. एकसारख्या, एकावर एक.

काकांनी एक पेटी चंदनच्या हातात दिली आणि दुसरी संचिताच्या. बाबांच्या काजूतले थोडे पैसे, त्यांचे स्वतःचे थोडे असं दोघा भावांनी मिळून केलंय, आता शिकून आमच्या नावाचं काहीतरी चीज करा, एवढंच म्हणाले. संचिताच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी पेटी फोडा म्हणालं, आणि संचिताच्याच पेटीचं झाकण उघडलं गेलं. आत चंदेरी, पातळ, बोटानं उचलावा असा लॅपटॉप. बटण दाबल्याबरोबर सात रंगांचे दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळत गेले.

संचिता त्या दिव्यांकडे नुसती बघत राहिली. सगळ्यांना वाटलं पोरीला आनंद झालाय.

चंदन तिच्या कानाशी आला. "म्हणान तर मी तुका तसा इचारलंय," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, चवथीक येतला ता दोघांकव सारख्याच येतला, एका ताग्यातला. माका काय गो, माका खंयचोव चललो असतो. तुका होयो आसा तो मिळाक होयो, म्हणान तुकाच इचारलंय."

तिच्या डोळ्यांसमोर तो काळा, जाडा, पाटासारखा लॅपटॉप आला. कोल्हापूरच्या दुकानात तो अजून कपाटात पडून असेल. तो तिचा होता. कॅन्टीनमध्ये तिचा होता, पडवीत माटवीची दोरी हातात असताना तिचा होता, दोन्ही वेळा नुसता हात पुढे करायचा होता. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापणारी माणसं तिनं म्हणीत ऐकली होती, ती इतकी जवळ राहत असतील असं तिला वाटलं नव्हतं. चार वर्षं हाच तापणारा, ओरडणारा लॅपटॉप आपल्या मांडीवर असणार. आणि असलाच दुसरा, तितकाच तापणारा, चंदनच्या मांडीवर, ज्याचा बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. तो तर पळणारे दिवे बघून हरखून गेला होता.

आणि एवढं होऊनही त्याच्याकडे बघताना पोटात ती जुनीच आग पडली. या वेळी लॅपटॉपसाठी नव्हे. त्याला असं सहज, मनात काही न ठेवता, दुसऱ्याच्या आवडीचं मागता येतं, याचा तिला हेवा वाटला. ते काही एका ताग्यातून दोघांना कापून देता येत नाही.

बाबांनी दोन्ही लॅपटॉप देवासमोरच्या पाटावर ठेवायला सांगितले, वर एकेक जास्वंद ठेवलं, आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे देवा म्हाराजा, आज ही तुझी दोन लेकरा शिक्षणाची अवजारा घेवन तुझ्या पायाकडे उभी रवली आसत, तेंका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून सगळे म्हणाले.

"दोघांकव सारखी बुद्धी दी, एकमेकाच्या हाताक हात लावन पुढे ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या वस्तूंका कोणाची वायट नजर लागली आसात, कोणाच्या मनात कायव वाकडा-नाकडा इला आसात, तर ता हयच ह्या पायाकडे गाड, आणि पोरांका सांभाळ रे म्हाराजा."

सगळे म्हणाले. संचिताचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. तिला वाटलं कोणाला कळणार नाही, एवढ्या माणसांत एक आवाज कमी पडला तर. पण शेजारी उभा असलेला चंदन तिला लहानपणापासून ओळखत होता. देवासमोर ती कुठे ओरडायची आणि कुठे पुटपुटायची हे त्याला पाठ होतं. त्यानं कोपरानं तिला ढोसलं.

"जोरात म्हण गो," तो हसत कुजबुजला. "दोन लॅपटॉप आसत."

समोर पाटावर एका लॅपटॉपचा पंखा आताच घरघरायला लागला होता. संचितानं जोडलेले हात आणखी घट्ट दाबले, आणि सगळ्यांचा आवाज विरून गेल्यावर, मागून, एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."