बटण नसलेली तपासणी

"ती तपासणी काढून टाक गो," प्रीतम म्हणाला. "ओरोसचा गिऱ्हाईक बोंबलता हा."

"काढूचंय नाय," ग्लेनिशा म्हणाली.

कुडाळात दोघं मिळून एक सॉफ्टवेअर चालवत. गिऱ्हाईकाच्या फाइलची प्रत्येक आवृत्ती ते जपून ठेवायचं. त्यात ग्लेनिशाने एक आडकाठी घातली होती. जपताना आवृत्तीतल्या मजकुरावरून एक सांकेतिक आकडा, म्हणजे तिचा ठसा, काढून ठेवायचा आणि पुन्हा उघडताना तो जुळला नाही, तर तिथेच अडून बसायचं. आज ते ओरोसच्या नम्रता या इंजिनिअरच्या ऑफिसात अडलं होतं. साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, आराखडा तिला दुपारी साइटवर द्यायचा होता.

"नुसती सूचना दाखव आणि फुडे जावक दी," प्रीतम अजिजीने म्हणाला.

"बिघडलेली फाइल फुडे जावक दिवचंय नाय. चल, ओरोसाक जावया."

नम्रताने त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. "ही बघा, थेट उघडली की फाइल उघडते. आकडे दिसतात. आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं, खराब आहे!"

"उघडते, मॅडम. पण तुम्ही जपून ठेवलेली ही नव्हे," ग्लेनिशा म्हणाली.

"माझ्याशिवाय कोणी हातसुद्धा लावलेला नाही तिला!"

ग्लेनिशाचे कान तापले, पण ती मागे सरली नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवर त्याच आवृत्तीची प्रत होती आणि तिचा ठसा जुळत होता. तिने दोन्ही फाइली समोरासमोर लावल्या. फरक एका आकड्याचा निघाला. पायाची खोली इथे एक मीटर, तिथे तीन.

नम्रता खुर्चीत बसली. "तीनच लिहिलं होतं मी. मग बदललं कोणी?"

"कोणीच नाही. तुमची डिस्क खराब होतेय."

नम्रताने आभार मानले नाहीत. शेजारच्या कॉम्प्युटरवरून आराखडा पाठवला आणि नव्या डिस्कसाठी फोन लावला.

परतताना प्रीतम म्हणाला, "बरां झाला. तरीपण तपासणी बंद करूचा एक बटण ठेव."

"घाईत असलेलो माणूस पयलां तांच दाबतलो. बटण घातलंस तर सॉफ्टवेअरवरसून माजा नाव काढून टाक."

पुढच्या आठवड्यात दुसरं एक गिऱ्हाईक सोडून गेलं. सॉफ्टवेअर हट्टी आहे, असं त्याने लिहिलं होतं. प्रीतमने तो मेल तिला दाखवला. ग्लेनिशाला वाईट वाटलं, राग त्याहून जास्त आला. ती वळली आणि फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातानाही ठसा तपासायचा, हे काम तिने त्याच दुपारी सुरू केलं.