पलीकडे हवा आहे

मानसोपचाराच्या दवाखान्यामागे एक खोली होती. तिथे औषध मिळत नसे, सल्ला मिळे. तोही आजारावरचा नव्हे, आजार सांभाळून जगण्याचा: कामावर परत कसं रुजू व्हायचं, तोडलेली वीज कशी जोडून घ्यायची, घरमालकाशी काय बोलायचं. टेबलामागे बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. तुमच्या चपलेचा अंगठा तुटला असेल तर तो कुठे नि कसा तुटला हे कळेपर्यंत बाईंना घास गोड लागायचा नाही.

एका सकाळी शिंपीदादा थोरल्या बहिणीच्या मागोमाग आत आला. बरीच वर्षं वॉर्डात काढून तो आता भाड्याच्या खोलीत एकटा राहत होता. स्वतःचं शिलाई मशीन, स्वतःचा चहा आणि दाराला आतून कडी. त्या कडीचं त्याला भारी अप्रूप होतं. वॉर्डात कडी बाहेरून असते.

"मालकीणबाई खोली सोडा म्हणतात," ताई बसायच्या आतच म्हणाली. "हा भिंत बडवतो. लाकडी पट्टीने. शेजारीपाजारी वैतागलेत. ही खोली गेली तर याला दुसरी कोण देणार? परत वॉर्डातच जायचं."

"बडवत नाही," शिंपीदादा म्हणाला. "पलीकडून कोणीतरी टकटक करतं. मी उत्तर देतो. दिलं की थोड्या वेळाने थांबतं."

"हं," ताई म्हणाली.

आता हे 'हं' साधंसुधं नव्हतं. नातेवाइकांच्या वर्गात ते रीतसर शिकवलं जायचं. माणसाला जे ऐकू येतं ते नाही म्हणू नका, भांडण होतं. हो म्हणू नका, भ्रम पक्का होतो. मधलं 'हं' म्हणा आणि विषय बदला. वर्ग कोण घ्यायचं? आपल्या चौकशीबाईच. ताई त्यांची हुशार विद्यार्थिनी. डॉक्टरांनीही 'हं' म्हणून गोळी वाढवली होती, आणि तेव्हापासून शिंपीदादाचे हात थरथरत होते नि शिलाई वाकडी जात होती.

बाईंनीही 'हं' म्हणायला तोंड उघडलं. पण स्वभावाला औषध कुठून आणायचं? "टकटक नेमकी कुठे होते?" त्यांनी विचारून टाकलं.

ताईने डोळे मोठे केले. शिंपीदादाने मात्र मान वर केली. "ओट्याशेजारी," तो उठून उभा राहिला आणि स्वतःच्याच अंगावर बोट टेकवून म्हणाला, "इथे. शर्टाच्या खिशाच्या खाली चार बोटं."

"पलीकडे कोण राहतं?"

"कोणी नाही. पलीकडे हवा आहे. तिसरा मजला, बाहेरची भिंत."

झालं. यावर भासच म्हणून कोणाचंही समाधान झालं असतं, पण बाईंचं कुतूहल खवळलं. भूत असतं तर त्याने शेजाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर टकटक केली असती. उगाच हवेत लोंबकळत कशाला करेल? दुसऱ्या दिवशी त्या त्याच्या खोलीवर हजर झाल्या.

ताई होती. मालकीणबाईही मुद्दाम वर आल्या होत्या. हाताची घडी घालून त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "ऐका तुम्हीच. येतोय आवाज? मी दहादा येऊन ऐकलंय. कधी म्हणून आला नाही."

भिंत गप्प. चहा झाला, कप विसळून झाले, भिंत गप्पच. शिंपीदादा अंग चोरून मशीनपाशी बसला होता. आपली हौस भागवायला आलो आणि बिचाऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, असं बाईंना वाटलं.

"मला कामं पडलीत," मालकीणबाई म्हणाल्या. "टाकी भरली असेल, पंप बंद करते." आणि धाडधाड जिना उतरून गेल्या.

मग ओट्याशेजारी आवाज झाला. टक. टक टक.

शिंपीदादाने पट्टी उचलली नाही. तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि बाईंच्या तोंडून, सवय वाईट, बाहेर पडलं, "हं."

त्याची मान खाली गेली. बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "तसं नाही," त्या घाईने म्हणाल्या. "आवाज येतोय. मला येतोय ऐकू. अगदी खिशाच्या खाली चार बोटं."

शिंपीदादा ताईकडे वळला. "तुला?"

ताईने भिंतीला कान लावला, आणि तशीच उभी राहून ती रडायला लागली. "येतोय रे."

"मग इतके दिवस हं हं का करत होतीस?" त्याने विचारलं. रागाने नव्हे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ताईने चौकशीबाईंकडे पाहिलं, पण ज्यांनी उत्तर द्यायला हवं होतं त्या बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या.

बाहेर भिंतीवरून टाकीचा पाइप वर गेला होता. त्याला भिंतीशी धरून ठेवणारी एक पकड निसटली होती. पंप बंद झाला की पाण्याला झटका बसायचा आणि पाइप भिंतीवर आपटायचा. पंप बंद करायच्या मालकीणबाई, म्हणजे टकटक होताना त्या कायम खाली, बटणापाशी. जन्मभर वर येऊन ऐकलं असतं तरी त्यांना काही ऐकू आलं नसतं.

बाईंनी त्यांना पुन्हा वर बोलावलं आणि ताईला पंप सुरू करून बंद करायला बटणापाशी धाडलं. टक. टक टक. "अगं बाई," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. खोली सोडायचं पुन्हा कोणी काढलं नाही. पाइपाला नवी पकड बसली, डॉक्टरांनी गोळी कमी केली.

काही दिवसांनी बाई सलवारीची उंची कमी करून घ्यायला गेल्या. ताई भाजी चिरत होती. शिंपीदादाने मशीन थांबवलं. "दारात कोणी बोलतंय का?"

बाईंना काही ऐकू आलं नव्हतं. त्या ताईकडे बघत राहिल्या. ताईने विळी बाजूला सारली, उठून आतली कडी काढली आणि ती जिन्यापर्यंत जाऊन आली.

"कोणी नाही रे."

"नाही ना? बरं," शिंपीदादा म्हणाला, आणि त्याने सुईत दोरा ओवला.