टरबुजाआधीचा आवाज

दुपारी जरा डोळा लागला की गल्लीत जो ओरडतो, आणि खिडकी लावता लावता ज्याला तुम्ही शिवी हासडता, तो मी. भाजीच्या हातगाडीवरचा भोंगा. रंगानं पिवळा, पुढून तोंड वासलेला, मागे दोन बटणं. एक दाबलं की समोरचं बोलणं ऐकून ठेवतो, दुसरं दाबलं की तेच पुन्हा पुन्हा ओरडत राहतो. माझ्या पोटात एका वेळी एकच बोलणं मावतं. नवं आत आलं की जुनं गेलं.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती अकोल्याच्या बाजारातल्या एका दुकानापासून. जयवंता बाळापूरला माहेरी आली होती. अमरावतीला परतताना तिनं नवऱ्याला, देवमनला, माझ्यापुढं थांबवलं.

"माहा घसा बसते रोज. हे घेऊन द्या ना."

"तुहा घसा बसला का गल्लीले सुट्टी भेटते," देवमन म्हणाला, आणि हसत हसत त्यानं मला घेऊन दिलं.

बडनेऱ्याच्या बाजूला त्यांचा भाजीचा मळा. देवमन पिकवायचा, जयवंता अमरावतीच्या गल्ल्यांमधून गाडीवर विकायची. घरी आल्याबरोबर तिनं माझं बटण दाबलं आणि एका दमात सुरू झाली, "घ्या वं माय, वांगे घ्या! भरताचे वांगे, हिरवागार सांभार, कवळी मेथी! नाही आवडलं त वांगं वापस घेतो, नवरा वापस घेत नाही वं!"

"अवं, हे काय बोलून राहिली? लोक काय म्हणतीन?" मागून देवमन ओरडला. त्यावर ती जी हसली, ते हसू आणि देवमनचं ते ओरडणं, दोन्ही माझ्यात तसंच राहिलं. देवमन रोज म्हणायचा, "पुस ते." तीच पुसायची नाही. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात. त्या सांभाराच्या जुडीपेक्षा त्या हसण्यासाठीच बायका दारात येत.

मग एका सकाळी, गाडी लोटता लोटता, जयवंता मध्येच थांबली. छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या. "मी मरून राहिली," एवढंच ती म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला बसली. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत होतं. पण भीती गेली नाही. रस्ता ओलांडताना ती यायची, देवमनला मळ्यातून परतायला उशीर झाला की यायची, कधी काहीही कारण नसताना यायची. गाडी अंगणात उभी राहिली. माझ्यावर पोतं पडलं.

तिच्या भावानं अकोल्याच्या एका मनाच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. आणि गोळ्यांनी गुण आला, हे मला सांगितलंच पाहिजे. जयवंता पुन्हा गाडी घेऊन निघाली. ट्रक शेजारून गेला तरी ती थांबली नाही.

तिची सासू पार्वताबाई शेजारणींना सांगायची, "आता पाहा माही सून. पयले नुसती भिरभिर करे. आता कशी गाईवानी शांत झाली!"

शांत! या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. गाडीवर तिच्या सगळ्यात जवळ मीच होतो ना. मी तिचाच विनोद ओरडायचो, बायका हसायच्या, आणि ती मात्र वजनकाटा धरून उभी. एकदा गीतांजली नावाची गिऱ्हाईक म्हणाली, "जयवंता, भोंग्यातली जयवंता लय बोलते वं, अन तू त मुकीच झाली!" जयवंतानं तिची मेथी मोजून दिली आणि पुढे निघाली.

भावाच्या घरी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं. याच पोरासाठी तिनं किती नवस केले होते. फोन आला तेव्हा ती जुड्या बांधत होती. "हो का? बरं झालं," म्हणाली, फोन ठेवला आणि पुढची जुडी घेतली. थोड्या वेळानं तिचे हात थांबले. ती देवमनला म्हणाली, "मले आनंद नाही झाला."

"थकली असशीन."

"नाही. जीभ पोयल्यावर कशी चव लागत नाही, तसं झालं मनाचं. हासू बी येत नाही, रडू बी येत नाही."

"पन भेव त गेलं ना?"

"गेलं."

"मंग?"

जयवंतानं पुढची जुडी बांधायला घेतली. त्या 'मंग'चं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते माझ्यात कोणी भरलं नव्हतं.

थंडी सरली, वांगी संपली, गाडीवर टरबुजं आली. मी मात्र वांगीच ओरडत होतो. बायका पिशव्या घेऊन यायच्या आणि चिडायच्या, "भोंगा वांगे म्हनते अन गाडीवर टरबूज!" शेवटी एका सकाळी अंगणात देवमननं मला जयवंताच्या तोंडापुढं धरलं. "बोल."

नवं भरलं की जुनं पुसलं जाईल, हे दोघांच्याही मनात आलं नाही. मला मात्र कळत होतं काय जाणार आहे ते. त्या क्षणी बटण अडकावं, बॅटरी उतरावी, काहीही व्हावं असं मला वाटलं. बटण अडकलं नाही.

"टरबूज घ्या. टरबूज. लाल टरबूज. गोड टरबूज."

देवमननं वाजवून पाहिलं. आवाज तिचाच होता, पण एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात, तसा.

"अवं, असं काय? पयलेवानी बोल. नवऱ्यावर काही बोल!"

ती पुन्हा बोलली. "टरबूज घ्या. फिकं निंघालं त वापस घेतो. नवरा वापस घेत नाही." शब्द अगदी बरोबर होते. देवमन मुद्दाम मागून ओरडला, "लोक काय म्हणतीन?" आणि वाट पाहत राहिला. ती हसली नाही. त्यानं मला पुन्हा तिच्यापुढं धरलं, पुन्हा वाजवलं, पुन्हा धरलं. मग मला मांडीवर घेऊन तो खालीच बसला. पहिलं बोलणं आता कुठंच नाही हे त्याला तेव्हा उमगलं. तो रडायला लागला.

जयवंता त्याच्याजवळ बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमी काहून रडून राहिले ते मले समजते. पन मले काहीच होऊन नाही राहिलं. मी काय करू सांगा."

त्याच दिवशी देवमननं गोळ्या बंद केल्या. कोणाला विचारलं नाही. "माही बायको मले वापस पायजे," असं म्हणून त्यानं त्या उकिरड्यावर टाकल्या. पण पहिली जयवंता काही त्याला परत मिळाली नाही. थोड्याच दिवसांत तिला चक्कर यायला लागली, झोप उडाली, आणि भर बाजारात ती गाडीच्या चाकाला मिठी मारून थरथरत बसली. टरबुजं रस्त्यावर घरंगळली. मी वर बसून ओरडत होतो, "गोड टरबूज, गोड टरबूज," आणि मला बंद करायचं भान कोणालाच नव्हतं.

ते अकोल्याला गेले. या वेळी देवमननं मलाही पिशवीत घातलं. दवाखान्यात बाहेर बाकांवर माणसं दाटीनं बसलेली. आत डॉक्टर संतापले, "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं होतं?"

देवमनची मान खाली गेली. डॉक्टरांचं चूक नव्हतं. त्यांनी जयवंताला विचारलं, "गोळ्या घेत होतात तेव्हा भीती वाटायची?"

"नाही."

"झोप?"

"येत होती."

"काम?"

"करत होती."

"मग तर छान चाललं होतं."

जेवढं विचारलं तेवढंच ती बोलली. 'आनंद होतो का' असं कोणी विचारलंच नाही. देवमननं धीर करून मला बाहेर काढलं. "डॉक्टरसायेब, हे ऐका. हे अशी बोलते आता." आणि त्यानं बटण दाबलं.

मी जीव तोडून प्रयत्न केला. माझ्या तळाशी कुठं ते हसू उरलं असेल तर तेवढं तरी वर यावं म्हणून. बाहेर आलं ते एवढंच, "टरबूज घ्या. टरबूज. लाल टरबूज."

डॉक्टर म्हणाले, "स्पष्ट आहे की आवाज. थरथर नाही, काही नाही. चांगलं आहे."

देवमननं मला पुन्हा पिशवीत घातलं. हा आवाज कशाच्या तुलनेत वाईट, हे दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. जयवंता उठली. "चला," ती म्हणाली.

आता ती रोज गोळी घेते, रोज गाडी लोटते. मी तुमच्या गल्लीत ओरडतो. गोळी फेकून द्या असं मी कुणाला सांगणार नाही. फेकल्यावर काय होतं ते मी गाडीवरून पाहिलंय. पण भीती गेली म्हणजे माणूस बरं झालं, असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना मला गदागदा हलवून सांगायचंय की अजून एक प्रश्न उरलाय. त्यावरही इलाज असेल. गोळी बदलता येत असेल, कमी करता येत असेल. पण आधी कोणीतरी तिच्याऐवजी किंवा तिच्यासोबत डॉक्टरांपुढं पूर्ण वाक्य बोलायला हवं ना!

मला ते जमत नाही. मला टरबूज एवढंच म्हणता येतं.

म्हणून तुम्हाला विनवतो. उद्या दारात गाडी थांबली की भाव करण्याआधी तिला विचारा, कशी आहेस? ती म्हणेल, "बरी आहो." तेवढ्यावर घरात जाऊ नका. थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.