ब्वेनोस आयर्सहून आईच्या मातीला

आमच्यापासून जगात सगळ्यात लांब कुठे जाता येईल ते शोधून काढावं, तसा माझा मोठा भाऊ चांगग्यू ब्वेनोस आयर्सला जाऊन बसला होता. सोलच्या विमानतळापासून जवळजवळ वीस हजार किलोमीटर. पूर्वेकडून या नाहीतर पश्चिमेकडून, सुटका नाही. विमानं बदलत दीड दिवस जातो. कपड्यांचं दुकान सोडवत नाही म्हणून चौदा वर्षांत तो एकदाही आला नाही. तेव्हा फोनवर तोंडं दिसत नव्हती. तो फोटो मागायचा आणि आई म्हणायची, "येऊन बघ की." मला मात्र म्हणायची, "येईल गं, माझ्या मातीला तरी येईल."

मंगळवार संपायला अर्धा तास उरलेला असताना ती गेली. आमच्यात गेल्याचा दिवस पहिला धरतात, मग तो अर्ध्या तासाचा का असेना, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माती. आणखी थोडी कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं, म्हणून मी आईवरच चिडले.

भावाला फोनवर रडत एवढंच सांगितलं, की हॉस्पिटलमागच्या अंत्यविधीगृहात, तीन नंबरचं दालन, तिसऱ्या दिवशी सकाळी.

"तीन दिवस आहेत ना, मग पोचतो," तो म्हणाला. "विमानतळावरून थेट तिथेच येतो."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा मंगळवार धरतच नाहीये. परदेशात राहून आपली मोजणीही विसरला होता. पुन्हा फोन लावला, तोवर तो घराबाहेर पडला होता. त्याचं विमान गुरुवारी संध्याकाळी उतरणार होतं.

काकांच्या मी विनवण्या केल्या, की तिनाचे पाच दिवस करा. दिवस विषमच लागतात, म्हणून चार चालत नाहीत, पण पाच चालतात.

"त्याला चौदा वर्षं सवड झाली नाही," काका म्हणाले, "आणि आता वहिनीनं त्याच्यासाठी ताटकळायचं?"

गुरुवारी सकाळी आईला गावच्या टेकडीवर पुरलं. मुलाच्या जागी माझा नवरा उभा राहिला. भाऊ थेट अंत्यविधीगृहात येईल म्हणून मी एकटीच बसनं उलट फिरले. बस रस्त्यात अडकली, त्यामुळे पोचायला अंधार पडला.

तीन नंबरच्या दालनात दुपारीच दुसऱ्या घरची माणसं आली होती. माझा भाऊ त्यांच्यात बसून, आमच्यात भेटायला येणाऱ्यांना वाढतात तो तिखट रस्सा आणि भात जेवत होता. डोळे सुजलेले. मला बघून त्यानं माझा हात धरला आणि सोडेना.

"तुझा नवरा भला माणूस आहे," तो हळूच म्हणाला. "काही विचारलं नाही. माझ्याबरोबर डोकं टेकवलं, रडला."

माझं लग्न तो परदेशी गेल्यानंतरचं, नवऱ्याला त्यानं पाहिलंच नव्हतं. दारापाशी शोकाचे कपडे घालून एक अनोळखी गृहस्थ उभे होते. शेवंतीच्या फुलांमधल्या फोटोत त्यांची आई होती.

"दादा, फोटो नीट बघितलास?"

"बघितला गं. किती बदलली होती आई. रस्त्यात दिसती तर ओळखली नसती." त्यानं डोळे पुसले. "पण पोचलो ना? उद्या सकाळी खांदा मीच देणार."

मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. यातलं काहीच जमलं नाही. तेवढ्यात ते गृहस्थ रश्शाचा दुसरा वाडगा घेऊन आले, तो त्याच्यापुढे ठेवला आणि अदबीनं वाकून मला विचारलं, "हे आमच्या आईचे कोण लागतात?"

दादानं चमचा खाली ठेवला.