हिरवं निशाण ज्यानं घेतलं

लाल मातीच्या त्या मैदानावर धूळ एवढी उडायची, की आत शिरलेला कावळा उडायचं सोडून चालत बाहेर यायचा. एका उंदरानं तर म्हणे जमिनीपासून हातभर वर, हवेतच बीळ केलं होतं आणि त्यात पिल्लंही घातली होती. लुवीना टीग या दोन्ही गोष्टी बायबलवर हात ठेवून सांगायची, आणि कॅरोलायनाच्या त्या डोंगरपट्ट्यातलं कुणी हसायचं नाही. ज्यानं ती धूळ खाल्ली होती, त्याला काहीही पटायचं.

तिचा नवरा हॉइल आठवडाभर सूतगिरणीत कापसाचा भुगा खायचा आणि रविवारी मोटारींच्या शर्यतीत ही लाल माती. छातीत दोन्हींचं मिळून असं काही थापलं गेलं होतं, की डॉक्टरनंही आता हात टेकले होते. शर्यती मात्र सुटल्या नव्हत्या. तरुणपणापासून तो दुसरा यायचा. इतक्या वेळा दुसरा, की गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्याला बघून दोनदाच भुंकायचं. पहिला तो कधीच आला नव्हता. मरायच्या आधी एकदा पहिलं यायचं, एवढंच त्याला हवं होतं, आणि लुवीनालाही.

एकदा तो पहिला येणारच होता. शेवटच्या वळणावर ओथा क्रिस्पनं मागून धडक दिली, हॉइलची गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि ओथा पुढं निघून गेला. हा ओथा शेजारीच राहायचा, मध्ये नुसतं कुंपण. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे बोलायचे भरपूर, पण लुवीनामार्फत. ती मध्ये उभी आणि दोन्ही बाजूंनी दोघं, तरीही, "याला सांग" आणि "त्याला सांग". निरोप पोचवताना लुवीना त्यातले खडे वेचून टाकायची. नाहीतर एव्हाना एकानं दुसऱ्याला पुरला असता.

त्या सप्टेंबरात, तिकडं त्याच महिन्यात येणाऱ्या कामगार दिनाच्या शर्यतीत, हॉइल सगळ्यांच्या पुढं होता. आणि पुढं असतानाच तो गाडी घेऊन पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथं, आला. खोकून खोकून ओठ निळे पडले होते. ओथाच्या गाडीचं इंजिन सुरुवातीलाच फुटलं होतं. तो तिथंच बादली पालथी घालून बसला होता.

"लुवीना, तुझ्या नवऱ्याला विचार, इथं काय सहलीला आलाय?"

"त्या गाढवाला सांग," हॉइल धापा टाकत म्हणाला, "माझ्यात दम नाही. गाडीत आहे."

ओथा उठला. त्यानं हॉइलच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं. नियम सगळ्यांना पाठ होता: मध्येच चालक बदलला तरी चालतं, पण शर्यत त्याच्याच नावावर लागते, ज्यानं सुरुवातीचं हिरवं निशाण घेतलं, म्हणजे ते फडकलं तेव्हा जो गाडीत होता.

"त्याला सांग, आज धडक द्यायची तर मला माझ्याच ढुंगणाला द्यावी लागेल."

"सांग त्याला," हॉइल म्हणाला, "शेवटच्या वळणावर गाडी बाहेर पळते. ओढाताण करू नको म्हणावं. नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ."

ओथा गेला. लुवीनानं नवऱ्याला ट्रकच्या सावलीत चाकाला टेकवून बसवलं, मानेवर ओला फडका ठेवला. गाडी समोरून गेली की तो विचारायचा, "कितवे?" ती म्हणायची, "पहिले." पुन्हा गाडी, पुन्हा "कितवे?", पुन्हा "पहिले".

मग एकदा ती "पहिले" म्हणाली, तेव्हा त्यानं विचारलंच नव्हतं.

तिनं छातीवर हात ठेवला. रात्रंदिवस यंत्रमागासारखी खडखडणारी ती छाती थांबली होती.

ओरडायला तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मैदानाच्या फाटकाशी एकच रुग्णवाहिका होती, आणि ती जागची हलली की शर्यत थांबवायची असा नियम होता. हॉइलला आता घाई नव्हती. तिनं त्याची गवती टोपी चेहऱ्यावर ओढली, खडूची पाटी उचलली, त्यावर ठळक "पहिला" लिहिलं आणि कठड्याशी जाऊन गाडीला दाखवत उभी राहिली. खडू सगळा तिच्या घामात विरघळत होता.

थोडेच फेरे उरले असताना ओथा एकदम पिटमध्ये घुसला.

"बसव त्याला! शेवट त्यानंच करायचा. माझ्यामुळं शर्यत गेली होती ना त्याची? त्याची त्याला घेऊ दे." त्यानं ट्रककडं पाहिलं. "झोपलाय की काय?"

लुवीनानं एवढ्या वर्षांत इतके निरोप नेले होते, पण हा सगळ्यात जड होता.

"तो म्हणतो, थांबलास कशाला गाढवा. नीघ."

"खरंच असं म्हणाला?"

"याहून वाईट म्हणाला. मी चाळून सांगतेय."

ओथा खदखदून हसला आणि सुटला.

थांबल्यामुळं एक गाडी पुढं गेली होती. शेवटच्या वळणावर तिचा मागचा बंपर ओथाच्या अगदी नाकासमोर आला. लुवीनानं डोळे मिटून घेतले. धडकेचा आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा ओथानं पाय काढला होता. पुढची गाडी जोरात बाहेर घसरली आणि हॉइलची गाडी आतून, मांजर दारातून शिरावी तशी, हळूच पुढं सरकली.

भोंग्यातून नाव आलं, "हॉइल टीग!" लाकडी बाकांवरचे सगळे उठून उभे राहिले. जन्मभर त्याला दुसरा म्हणून चिडवणारेही टोप्या उडवत होते.

धुळीतून ओथा आला, चषक काखेत मारून.

"लुवीना, तुझ्या नवऱ्याला सांग, धडक दिली नाही म्हणावं. बघितलं ना त्यानं?"

"तूच सांग," लुवीना म्हणाली.

तिच्या आवाजानं तो थबकला. मग गुडघ्यांवर बसला, टोपी उचलून पाहिलं आणि हलकेच परत ठेवली. चषक त्यानं हॉइलच्या मांडीवर टेकवला, पडू नये म्हणून मेलेल्याचा हात त्यावर ठेवला आणि शेजारी मातीतच बसकण मारली.

"हॉइल," तो म्हणाला, "पाय काढला रे. तू म्हणालास तसा."

आणि उत्तर घ्यायला म्हणून लुवीना सवयीनं नवऱ्याकडं वळली.